अंगठा लागला नाही, तर विचारायचे कोणाला?

तलासरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची बाई रेशन दुकानात आली आहे, असे समजा. हातात अंत्योदयचे पिवळे कार्ड. महिन्याला ३५ किलो धान्य हा तिच्या कुटुंबाचा कायद्याने ठरलेला वाटा. गोणी समोर आहे, दुकानदार तिला नावाने ओळखतो. ती ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवते. मशीन नाही म्हणते. मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा, मग पदराला बोट पुसून पुन्हा तोच अंगठा. उत्तर तेच. “मावशी, अंगठा लागत नाही. उद्या या,” दुकानदार सांगतो. तिची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. उद्या यायचे म्हणजे दुसऱ्या दिवसाचीही बुडणार.

गंमत अशी, की गेल्या महिन्यात याच अंगठ्यावर धान्य मिळाले होते. माणूस तोच, कार्ड तेच, दुकानात धान्यही आहे. मग नकार दिला कोणी? दुकानदाराने नाही, तो द्यायला तयार होता. तहसीलदाराने नाही, त्यांना या अंगठ्याची वार्ताही नाही. नकार मशीनने दाखवला, पण तो मशीनचाही निर्णय नव्हता. हे कोडे सोडवले, की आज आपल्या जगण्यात शिरलेल्या एका मोठ्या व्यवस्थेचा उलगडा होतो.

सार्वजनिक डिजिटल यंत्रणा म्हणजे काय?

सरकारी योजना, बँका आणि बाजार या सगळ्यांना सामाईक वापरता येईल अशी जी संगणकी व्यवस्था देश उभारतो, तिला सार्वजनिक डिजिटल यंत्रणा म्हणतात. तिचे ढोबळमानाने तीन थर असतात. पहिला ओळखीचा: हा माणूस तोच आहे का? आपल्याकडे हे काम आधार करते. पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. दुसरा थर पैशांचा. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि आज बोर्डी-घोलवडच्या रस्त्यावर चिकू विकणाऱ्याच्या टोपलीजवळही क्यूआर कोड असू शकतो. तिसरा थर माहितीच्या देवाणघेवाणीचा: एका खात्याकडची नोंद दुसऱ्या खात्याला दिसणे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत भरलेल्या जी-२० परिषदेच्या जाहीरनाम्यात या कल्पनेला जागतिक मान्यता मिळाली. आफ्रिका, आशिया आणि दक्षिण अमेरिकेतले अनेक देश आता अशा यंत्रणा उभारत आहेत.

‘सार्वजनिक’ या शब्दात काय काय येते, हे डहाणूच्या वाचकाला सूर्या धरण प्रकल्पावरून चटकन कळेल. धरण सार्वजनिक पैशाचे, जलवाहिनी सार्वजनिक, पाणीही सर्वांचे. तरी वसई-विरारला किती पाणी, मिरा-भाईंदरला किती आणि धरणालगतच्या गावांना व शेतीला किती, हे ठरवणाऱ्या बैठकीत कोण बसते, यावर नळाला पाणी येणार की नाही हे ठरते. डिजिटल यंत्रणेचेही तसेच आहे. ती सर्वांसाठी उभारली एवढ्याने ती सर्वांची होत नाही. तिच्या चाव्या कोणाकडे आहेत आणि चूक झाल्यावर जाब कोणाला विचारता येतो, हे पाहावे लागते.

अंगठ्याचा प्रवास

आता त्या दुकानात परत जाऊ. मशीनवर अंगठा टेकल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या काही सेकंदांत पुढच्या गोष्टी घडतात.

१. मशीनचा स्कॅनर बोटावरच्या रेषांचा नमुना घेतो आणि तो कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक स्वरूपात बांधतो.

२. मोबाइल नेटवर्कवरून हा नमुना आधार क्रमांकासह पुढे जातो. डहाणूच्या पूर्वेकडच्या डोंगराळ पाड्यांत खरी अडचण इथूनच सुरू होते. नेट नसेल, तर प्रवास इथेच थांबतो.

३. राज्याच्या शिधावाटप यंत्रणेतून विनंती आधार प्राधिकरणाच्या मध्यवर्ती साठ्याकडे जाते. तिथे नाव नोंदवताना घेतलेल्या जुन्या ठशांशी नवा ठसा ताडून पाहिला जातो.

४. साठ्याकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते. ‘नाही’ असेल, तर सोबत एक आकडा येतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकाने स्वतःच आपले ठसे कुलूपबंद करून ठेवले आहेत.

५. ‘हो’ आले, तरच मशीन धान्याची पावती छापते.

त्या बाईच्या हक्काचा या प्रवासात कुठेही विचार झालेला नाही, हे लक्षात घ्या. मध्यवर्ती साठ्याला एकच प्रश्न विचारला गेला: दोन ठसे जुळतात का? ती भुकेली आहे का, तिचे कार्ड खरे आहे का, दुकानदार तिला ओळखतो का, हे त्याला कोणी विचारलेले नाही. ठसा जुळण्याचा प्रश्न आणि धान्यावरच्या हक्काचा प्रश्न वेगळे आहेत. मशीनने दुसऱ्या प्रश्नाचा निकाल पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर लावला.

ठसा का जुळत नाही, याचेही कारण साधे आहे. भाताच्या आवणीत दिवस दिवस चिखल-पाण्यात राहिलेली बोटे, वीटभट्टीवर माती आणि राख हाताळणारे हात, मासेमारीच्या बोटीवर दोर ओढणारे खलाशी, म्हातारपणी सपाट होत गेलेल्या रेषा. जो जितके हाताने राबतो, त्याचा ठसा तितका पुसट. मार्च २०१८ मध्ये आधारच्या प्रमुखांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की सरकारी सेवांसाठीची पडताळणी ८८ टक्के वेळा यशस्वी होते. कार्यालयात बसून वाचताना ८८ हा चांगला आकडा वाटतो. उरलेल्या १२ मध्ये बहुधा कोण असेल, हे तलासरीच्या दुकानात उभे राहिल्यावर कळते.

सीमेवर झालेला फायदा

ही यंत्रणा नुसती त्रासाची आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तलासरीला गुजरातचा उंबरगाव तालुका आणि दादरा-नगर हवेली लागून आहे. दिवाळीनंतर इथली कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात, खलाशी गुजरातच्या बोटींवर चढतात, तरुण वापी-उंबरगावच्या कारखान्यांत. पूर्वी त्यांचे रेशन गावच्या दुकानाला बांधलेले होते. माणूस सीमेपलीकडे आणि धान्य अलीकडे.

९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेची आंतरराज्य सुरुवात देशात दोन जोड्यांनी झाली. एक आंध्र प्रदेश-तेलंगणची आणि दुसरी महाराष्ट्र-गुजरातची. म्हणजे वारली मजूर ज्या सीमेवरून ये-जा करतो, तीच देशातल्या पहिल्या दोन सीमांपैकी एक होती. कार्ड महाराष्ट्राचे, धान्य गुजरातच्या दुकानात. कुटुंबातल्या एकाने भट्टीजवळ आपला वाटा उचलावा, गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी उरलेला गावात घ्यावा, हेही शक्य झाले. कागदी नोंदवहीच्या जोरावर हे कधीच झाले नसते. पाड्यावर बँकेचा प्रतिनिधी, म्हणजे बँक मित्र, अंगठ्यावर पैसे काढून देतो, तेव्हाही तालुक्याच्या गावी जाण्याचा एसटीचा खर्च वाचतो.

म्हणून प्रश्न यंत्रणा हवी की नको, असा नाही. ती कोणाच्या ताब्यात आणि कोणाला उत्तरदायी, असा आहे.

पैसे भलत्याच खात्यात का जातात?

धान्यासारखेच पैशांचे. योजनेचा हप्ता जमा झाला, असे कार्यालय सांगते. बाई पासबुक भरून आणते, तर खात्यात काही नाही. दोघेही खरे बोलत असतात.

सरकार आधार क्रमांकावर पैसे पाठवते, तेव्हा ते पासबुकावरचा खाते क्रमांक पाहत नाही. राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, एक मोठी जुळणी-यादी असते. कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. एका आधारासमोर एकच बँक राहते: जिने सर्वांत शेवटी जोडणी केली ती. बाईचे जुने खाते एका बँकेत आहे. मध्यंतरी कोणीतरी शिबिरात किंवा दुकानात अंगठा घेऊन दुसरे खाते उघडून दिले. पुढचा हप्ता निमूटपणे तिकडे जातो. त्या खात्याचे तिला पासबुकही मिळालेले नसते.

हे कल्पनेतले उदाहरण नाही. २०१७ मध्ये मोबाइलच्या सिमची आधार पडताळणी करून घेताना ग्राहकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत त्यांना न कळवता खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले, असे उघड झाले. त्या डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीचा ई-केवायसीचा परवाना रोखला आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड केला. ज्यांचे पैसे वळले, त्यांनी आपली संमती कधी दिली, हे त्यांनाच माहीत नव्हते.

जबाबदारीची साखळी आणि तिच्यातले सांधे

आता मूळ प्रश्न. अंगठा लागला नाही, तर जाब कोणाला विचारायचा? दुकानदार म्हणतो, मशीन माझे नाही. पुरवठा निरीक्षक म्हणतो, सर्व्हर वरून चालतो. आधार केंद्रावरचा माणूस म्हणतो, तुमचे आधार चालू आहे, बोटे अपडेट करा. बँक म्हणते, पैसे आमच्याकडे आलेच नाहीत.

प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते. आधार प्राधिकरण ही २०१६ च्या कायद्याखालची केंद्रीय संस्था. तिचे अध्यक्ष आणि सदस्य केंद्र सरकार नेमते. एनपीसीआय २००८ मध्ये स्थापन झाली. तिची मालकी बँकांची आणि देखरेख रिझर्व्ह बँकेची. रेशनची यादी राज्याच्या अन्न व नागरी पुरवठा विभागाची. मशीन पुरवणारी कंपनी आणखी वेगळी. चार संस्थांच्या सांध्यांत एक हक्क अडकतो आणि सांधा कोणाच्याच हद्दीत येत नाही.

यात दुरुस्तीचा भारही ज्याचे नुकसान झाले त्याच्यावरच पडतो. भारताच्या महालेखापरीक्षकांचा आधार प्राधिकरणावरचा अहवाल एप्रिल २०२२ मध्ये संसदेत मांडला गेला. २०१८-१९ मध्ये झालेल्या बायोमेट्रिक दुरुस्त्यांपैकी ७३ टक्क्यांहून अधिक दुरुस्त्या लोकांनी स्वतःहून, शुल्क भरून करून घेतल्या होत्या, असे त्यात नोंदवले आहे. मुळात ठसे नीट घेतले गेले नसतील, तर त्याचे पैसे नागरिकाने का भरावेत, हाच त्या नोंदीचा रोख होता.

नियम नाहीत, असे मात्र नाही. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना लेखी कळवले, की आधार नाही म्हणून कोणाचे नाव यादीतून काढू नये आणि अंगठा जुळला नाही किंवा नेट नाही म्हणून धान्य नाकारू नये. अशा वेळी वेगळ्या नोंदवहीत लिहून धान्य द्यावे. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानेही पडताळणी फसल्यामुळे कोणी हक्काला मुकू नये, हे मान्य केले. म्हणजे ‘उद्या या’ हे उत्तर नियमातच बसत नाही. पण ही नोंदवही दुकानात आहे का, ती कोणी पाहते का, हे विचारणारा गावात कोणी नसेल, तर नियम कागदावर राहतो.

नाव घालायला ग्रामसभा, काढायला सर्व्हर

डहाणू-तलासरीचे वेगळेपण इथे महत्त्वाचे ठरते. हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे आदिवासींसाठीच्या अनुसूचित क्षेत्रातले. अशा क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे आणि महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये केले. पेसाच्या चौथ्या कलमानुसार गरिबी निर्मूलनाच्या आणि इतर योजनांचे लाभार्थी ओळखणे किंवा निवडणे ही ग्रामसभेची जबाबदारी आहे. खर्च झालेल्या निधीचा विनियोग दाखलाही पंचायतीने ग्रामसभेकडूनच घ्यायचा असतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एखादा पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो.

आता डिजिटल यंत्रणेत काय होते ते पाहा. २०२४-२५ मध्ये शिधापत्रिकेवरच्या प्रत्येक सदस्याची ई-केवायसी करण्याची मोहीम चालली. दुकानात अंगठा, नाहीतर ‘मेरा ई-केवायसी’ अॅपवर चेहरा. वीटभट्टीवर गेलेला मुलगा, बोटीवर असलेला नवरा, आश्रमशाळेत शिकणारी मुलगी, अंथरुणावर असलेली सासू, या सगळ्यांनी ठरलेल्या मुदतीत हजर व्हायचे. मुदती वाढवल्या गेल्या, हे खरे. पण केवायसी झाली नाही म्हणून नाव गळते, तेव्हा त्या गळण्यावर ग्रामसभेची सही लागत नाही. कागदपत्रांतल्या नावात ‘लखमी’ आणि ‘लक्ष्मी’ असा फरक पडला, तरी तेच. पाड्यावरच्या प्रत्येकाला ती बाई कोण हे माहीत असते. संगणकाला दोन वेगळ्या बायका दिसतात.

लोकशाहीच्या दृष्टीने मोडलेली कडी ही आहे. कायद्याने लाभार्थी ओळखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला; नाव गाळण्याचा अधिकार मात्र कोणताही कायदा न बदलता सर्व्हरकडे गेला. ग्रामसभेने तो सोडला नव्हता. तिला कोणी विचारलेच नाही.

या भागाला अंगठ्याचा इतिहास नवा नाही. सावकार-जमीनदाराच्या कागदावर अंगठा उठवून वारली कुटुंबे वेठीला आणि लग्नाच्या कर्जापायी राबवणाऱ्या लग्नगडी पद्धतीला जखडली गेली होती. कागदात काय लिहिले आहे, हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात, किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. आजचे सरकार सावकार नाही आणि रेशनचे धान्य कर्जही नाही. पण आपण कशावर अंगठा देतो, त्याचे पुढे काय होते, हे देणाऱ्याला कळले पाहिजे, ही अपेक्षा अजून पूर्ण झालेली नाही.

इतरांनी काय केले?

केनियात सरकारने ‘हुडुमा नांबा’ नावाची ओळख यंत्रणा आणली. कागदपत्रे मिळवताना आधीच नाडल्या गेलेल्या नुबियन समाजाच्या संघटनेने आणि इतरांनी न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, की पुरेशी कायदेशीर चौकट केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्डवाटपच बेकायदा ठरवले, कारण लोकांच्या माहितीला काय धोका आहे याची तपासणी आधी झालेली नव्हती. आधी तपासणी, मग वाटप, हा क्रम तिथे दाद मागणाऱ्यांनी आणि न्यायालयाने देशाला शिकवला.

दुसरे उदाहरण राजस्थानचे. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९० च्या दशकात गावोगावी जनसुनवाया घेतल्या, सरकारी हिशेब लोकांसमोर वाचले आणि त्या चळवळीने माहिती अधिकाराच्या कायद्याला बळ दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये त्या राज्यात ‘जन सूचना पोर्टल’ सुरू झाले. कोणत्या दुकानातून कोणत्या कार्डावर किती धान्य उचलले गेले, हे अर्ज न करता कोणालाही पाहता येऊ लागले. सरकारला नागरिक जसा दिसतो, तसे नागरिकाला सरकार दिसण्याची ही सोय आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम अधिक बंदिस्त केले, तेव्हा अशा खुलेपणाचे काय होणार, ही चिंता म्हणूनच रास्त आहे. बाईचा ठसा गुप्त राहिला पाहिजे. तिला धान्य का नाकारले, हे मात्र गुप्त राहता कामा नये.

इथे काय करता येईल?

असा खुलेपणा आणायला नवा कायदा लागत नाही. नावांच्या याद्यांचे चावडी वाचन महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच वाचनात गाळलेली नावे कारणासह वाचावीत आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय नाव कायमचे काढू नये. हे वाचन भट्टीवरची कुटुंबे शिमग्यानंतर परतली, की पावसाच्या आधी व्हावे. दिवाळीनंतरच्या ओस पाड्यावर नव्हे. मशीनने नकार दिला, तर ३०० अशा आकड्याऐवजी कारण सांगणारी मराठी पावती निघावी आणि वाचता न येणाऱ्यांसाठी ते मशीनने वारलीत बोलून सांगावे. कोणत्या दुकानात दर महिन्याला किती अंगठे फसले, हा आकडा तहसील कचेरीत आणि दुकानाच्या फलकावर लागावा. म्हणजे एकट्या बाईची अडचण साऱ्या तालुक्याची माहिती होईल. जिल्ह्याची देखरेख समिती बसते, तेव्हा तिथे पेसा ग्रामसभांचे प्रतिनिधी असावेत.

यंत्रणा किती अंगठे जुळवते, यावर तिची हुशारी मोजता येईल. जुळला नाही त्या अंगठ्याचे ती काय करते आणि ते ठरवताना झरी, उधवा, सायवनच्या माणसांना विचारते का, यावर तिची लोकशाही मोजावी लागेल.

चौकट: थोडक्यात

• अंगठा जुळणे आणि धान्यावरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगठा फसला, तरी हक्क संपत नाही.

• अंगठा लागला नाही, तर दुकानातल्या वेगळ्या नोंदवहीत नोंद करून धान्य मागा. नकार मिळाला, तर तारीख, वेळ आणि मशीनवरचा आकडा लिहून ठेवा.

• हप्ता खात्यात दिसला नाही, तर आधार शेवटी कोणत्या बँकेशी जोडला गेला आहे, ते बँक मित्राकडे किंवा आधारच्या संकेतस्थळावर तपासा.

• रेशनच्या तक्रारीसाठी १९६७ आणि आधारच्या तक्रारीसाठी १९४७ हे क्रमांक आहेत. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे दुकान पातळीवर दक्षता समिती, जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. धान्य मिळाले नाही, तर अन्न सुरक्षा भत्ता मागण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

• पेसा क्षेत्रात लाभार्थी ओळखण्याची जबाबदारी ग्रामसभेची आहे. गाळलेल्या नावांची यादी ग्रामसभेत मागा आणि ठराव लेखी करून घ्या.